नदीच्या घळईतून फोर बाय फोर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डोंगरातली नदी जिथे कातळ कापत गेली आहे, तिथे गाडीवाट नदीच्या मर्जीने चालते. एका काठाला कडा आडवा आला की वाट पाण्यात उतरते, पलीकडे निघते आणि पुढच्या वळणावर पुन्हा अलीकडे येते. वीस किलोमीटरच्या घळईत नदी ओलांडायच्या अशा आठ-दहा जागा, म्हणजे उतार, सहज लागू शकतात. नवख्याचं सगळं लक्ष समोरच्या उतारावर असतं. पण सकाळी ओलांडलेला पहिला उतार दुपारी पाणी चढून बंद झाला आणि पाचवा काही जमला नाही, तर गाडी दोन बंद दारांमध्ये अडकते आणि दोन्ही बाजूंना उभे कडे असतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारत राहा: इथून मागे फिरता येईल का, आणि किती वाजेपर्यंत?

घरी बसून करायची कामं

उपग्रह चित्रावर वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत बारकाईने बघा आणि वहीत तीन गोष्टी टिपा: नदी कुठे ओलांडायची, बाजूचे ओढे कुठे येऊन मिळतात, आणि गाडी वळवण्याइतकी रुंद जागा कुठे आहे. तिसरी नोंद बहुतेक जण करत नाहीत, आणि अडचणीत नेमकी तीच लागते. प्रत्येक नोंदीपुढे सुरुवातीपासूनचं अंतर लिहा. घळई अरुंद झाली की उपग्रहाचे संकेत कड्यांवर आपटून फोनपर्यंत येतात आणि पडद्यावरचा ठिपका कधी कधी पलीकडच्या काठावर उडी मारतो. अशा वेळी शून्यावर आणलेला ट्रिप मीटर आणि वही यांचा मेळ घालून आपण कुठे आहोत ते कळतं. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्याच, शिवाय एक कागदी प्रत ठेवा.

हवामानाचा अंदाज घळईचा बघून उपयोग नाही. नदीचं पाणी जिथून येतं त्या संपूर्ण पाणलोटाचा बघा. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना चाळीस किलोमीटर वर ढग फुटलेला असू शकतो. वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा विचारून घ्या. नदी बर्फाच्या पाण्यावर असेल तर तिचं रोजचं वेळापत्रक असतं: पहाटे पाणी सर्वांत कमी, ऊन तापलं की वर बर्फ वितळतो, आणि ते पाणी काही तासांनी खाली पोहोचतं. त्यामुळे दुपार उतरताना किंवा संध्याकाळी पाणी सर्वांत जास्त. बर्फ जितका दूर, तितका लोंढा उशिरा. अशा नदीत पहाटे शिरायचं हा नियमच समजा.

आता वेळेचा हिशेब. दगडगोट्यांच्या वाटेवर सरासरी वेग ताशी ८ ते १० किलोमीटरच पडतो. प्रत्येक उतार पायी तपासून ओलांडायला नवख्याला पंचवीस मिनिटं लागतात. २० किलोमीटर आणि ८ उतार म्हणजे अडीच तास गाडी चालवणं आणि सव्वातीन तास उतारांवर, एकूण जवळपास सहा तास. एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं असेल तर सकाळी सहाला निघालेली गाडी बाराला बाहेर येते. त्याच वाटेने परत यायचं असेल तर ही सगळी वाट एका दिवसाची नाही. नऊ वाजता, जिथे असाल तिथून, मागे फिरा. ही वेळ निघण्याआधी ठरवून वहीत लिहा. घळईच्या आत उभं राहून ती ठरवली तर ती प्रत्येक वळणावर अर्ध्या तासाने पुढे सरकते.

इंधन किलोमीटरवर मोजू नका. हमरस्त्यावर लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे हळू पण जोरात ओढणाऱ्या जादा गिअरमध्ये, ६ देईल असं धरा, त्यावर सर्वांत आतल्या जागेवरून परत येण्याइतकं इंधन घ्या, आणि एकूण बेरजेच्या एक तृतीयांश आणखी.

एकटी गाडी नेऊ नका. दोन ही किमान संख्या आहे आणि त्यातली एक गाडी नेहमी कोरड्या, भक्कम जमिनीवर असली पाहिजे. घरच्या एका जबाबदार माणसाकडे वाट, गाड्यांचे रंग आणि क्रमांक, माणसं किती, बाहेर पडायची वेळ आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागायची, हे सगळं लेखी द्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ असलं तरी त्याला मोकळं आकाश लागतं. म्हणून जिथे घळई रुंद होते तिथे थांबून निरोप पाठवत चला.

गाडीत काय हवं

लो रेंज हवीच. लो रेंजमध्ये इंजिनचा जोर कित्येक पटींनी चाकांपर्यंत पोहोचतो आणि गाडी ब्रेकला हात न लावता ताशी तीन-चार किलोमीटरने रांगत उतरते. चारही चाकांना जोर जातो पण लो रेंज नाही अशी गाडी मातीच्या रस्त्याला चांगली, घळईतल्या दगडांवर तिचा क्लच जळतो किंवा गिअरबॉक्स तापतो. जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटरच्या खाली नको. गाडीखाली एकदा पाठीवर झोपून बघा: डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा मधोमध आहे की एका बाजूला, सायलेन्सरचा पाइप कुठून जातो, डिझेलची टाकी किती खाली लोंबते. दगडावरून जाताना हे चित्र डोळ्यासमोर असावं लागतं.

मग बॉनेट उघडा आणि एअर फिल्टरच्या डब्यापासून पुढे जाणाऱ्या पाइपवर बोट ठेवून त्याचं तोंड शोधा. कुणाचं हेडलाइटच्या मागे असतं, कुणाचं चाकावरच्या पत्र्याच्या आत. ते तोंड जमिनीपासून किती उंच आहे हे टेपने मोजा. त्या उंचीला पाणी पोहोचलं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनचं काम तिथेच संपतं. कंपनीच्या पुस्तिकेत पाण्याची कमाल खोली दिलेली असते, बऱ्याच गाड्यांना ती ५०० ते ७०० मिलिमीटर असते. पण तो आकडा संथ पाण्याचा आहे हे विसरू नका. स्नॉर्कल बसवला तर हवा छताच्या उंचीवरून येते, तेही सगळे जोड घट्ट असतील तरच. वाहत्या पाण्यात गाडी वाहून जाण्याचा धोका त्याने तिळमात्र कमी होत नाही.

आणखी एक भाग बहुतेकांना माहीत नसतो: डिफरन्शियलचा ब्रीदर. चालून चालून डिफरन्शियल तापतं, आतली हवा फुगून या छोट्या नळीवाटे बाहेर जाते. तापलेला गोळा बर्फगार पाण्यात बुडाला की आतली हवा झटकन आकसते आणि ऑइल सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. उपाय दोन. ब्रीदरला लांब नळी जोडून ती बॉनेटच्या आत उंच न्या. आणि मोठ्या उतारापाशी पोहोचल्यावर लगेच पाण्यात न शिरता दहा-पंधरा मिनिटं गाडी थंड होऊ द्या. उतार पायी तपासायला तितका वेळ लागतोच.

पाचही टायर एकाच मापाचे, जाड भिंतीचे आणि निम्म्याहून जास्त नक्षी शिल्लक असलेले घ्या. ओढण्यासाठी पुढे आणि मागे चेसिसला बोल्ट केलेले, वजनाचा आकडा कोरलेले हुक हवेत. गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी दिलेल्या पातळ कड्या यासाठी नाहीत. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवून झटक्याने ओढणं तर मुळीच नको: तो गोळा तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा दोरासोबत उडतो आणि अशाने माणसं मेली आहेत.

सोबत घ्यायचं सामान: बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा कॉम्प्रेसर, हवा मोजायचं मीटर, ट्यूबलेस पंक्चरचा संच, लांब दांड्याचं फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, ९ मीटरचा ताणला जाणारा कायनेटिक दोर, दोर हुकाला जोडायचे दोन दोरीचे शॅकल, दगडाला किंवा झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, हातमोजे, जॅक आणि त्याखाली ठेवायला एक फूट बाय एक फुटाची जाड प्लायवूडची फळी, जादा एअर फिल्टर, दोन लिटर गिअर ऑइल, फ्यूज, कपाळावर बांधायचा दिवा, प्रथमोपचाराची पेटी. कोरडे कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. जड सामान तळाशी आणि मागच्या सीटला टेकून बांधा, छतावर जड काही नको. सुटी पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली येते, हे नवख्याच्या लक्षात पहिल्या उभ्या उतरणीवर येतं.

डांबर संपलं तिथे

गाडी थांबवा आणि टायरची हवा कमी करा. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असेल तर दगडगोट्यांसाठी २२ ते २५, नदीकाठच्या वाळूसाठी १६ ते १८. हवा कमी झाली की टायर पसरतो, विशेषतः लांबीत, आणि टोकदार दगडाला चिकटून त्यावरून जातो. टणक टायर त्याच दगडावरून घसरतो किंवा फाटतो. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. कमी हवेचा टायर वेगात तापतो, म्हणून ताशी ४० च्या आत राहा.

लो रेंज गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकून लावा. स्टिअरिंग धरताना अंगठे चाकाच्या आत अडकवू नका. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं आणि आतला अंगठा मोडतो. दोन गाड्यांमध्ये इतकं अंतर ठेवा की मागची आरशात दिसेल, पण पुढची अडकली तर मागची त्याच खड्ड्यात जाणार नाही.

दगड, घसारा आणि कड्यावरची वाट

मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेण्याचा मोह होतो. दगड डिफरन्शियलला किंवा टाकीला लागतो तो तसाच. चाक दगडावर चढवा, म्हणजे पोट आपोआप वर उचललं जातं. वेग माणूस चालतो त्याहून कमी. चाक दगडाला टेकलं की थांबा, हलका जोर द्या, चढू द्या, वर पोहोचताच जोर काढा. ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय ब्रेकवर हलका ठेवला तर गाडी दगडावरून धपकन खाली पडत नाही.

अवघड जागी एकाने खाली उतरून वाट दाखवायची. एकानेच. चार जण चार दिशांना हात करायला लागले की चालवणारा गोंधळतो आणि चाक भलतीकडे जातं. वाट दाखवणाऱ्याने गाडीच्या पुढे, पण घसरली तर सापडणार नाही इतक्या लांब, चालवणाऱ्याला सतत दिसेल असं उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे.

उभ्या चढावर गाडी दम टाकून थांबली तर ब्रेक घट्ट दाबा, रिव्हर्स टाका, आरशात बघत सरळ रेषेत मागे या. चढावर गाडी आडवी करून वळवण्याचा प्रयत्न म्हणजे उलटण्याला आमंत्रण. उतरताना लो रेंजचा पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. मागची बाजू घसरू लागली तर ब्रेक सोडून किंचित अॅक्सिलरेटर द्या, चाकं पुन्हा फिरायला लागली की पकड येते.

कड्यात कोरलेल्या वाटेवर नदीकडच्या कडेकडे नीट बघा. पुराचं पाणी खालून माती खरवडून नेतं आणि वर फक्त पातळ पापुद्रा उरतो. वाटेला समांतर गेलेली भेग दिसली तर त्या भेगेच्या बाहेर चाक जाऊ देऊ नका, आणि जागाच नसेल तर तिथूनच परत. घसाऱ्याची वाट, म्हणजे सुट्या बारीक दगडांची, पावसानंतर वरून येतच राहते. तिथे थांबून फोटो काढू नका.

नदी ओलांडणं

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

काठावर पोहोचल्यावर इंजिन बंद करा आणि आधी पाण्याच्या कडेला एक ओळखीचा दगड ठेवा, बरोबर पाणी टेकतं तिथे. वीस मिनिटांनी तो बुडाला असेल तर नदी चढते आहे. चढत्या नदीत शिरायचं नाही, आणि मागे ओलांडलेले उतार आठवून लगेच परत फिरायचं.

मग पाणी वाचा. गुळगुळीत, काळसर, संथ पाणी नवख्याला सोपं वाटतं, पण तो डोह असतो. पसरट, खळाळतं, फेस असलेलं पाणी भीतीदायक दिसतं, पण बहुधा तेच उथळ असतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नदी खोल आणि काठ पोखरलेला, आतल्या बाजूला गोटे आणि वाळू. सरळ पट्ट्यात, डोह संपून खळाळ सुरू होतो तिथे, तळ बहुतेक वेळा सर्वांत वर आलेला असतो. पाण्यावर बाणासारखी नक्षी उमटलेली दिसेल. बाणाचं टोक वरच्या अंगाला असेल तर त्या टोकाशी पाण्याखाली दगड आहे. टोक खालच्या अंगाला असेल तर ती दोन दगडांमधली मोकळी धार. शेवटी उताराच्या खाली काय आहे ते बघा. गाडी वाहिलीच तर ती उथळ गोट्यांवर टेकणार असेल तर ठीक. खाली डोह, धबधबा किंवा पाण्यात आडवी पडलेली झाडं असतील तर तो उतार सोडून द्या.

आता पायी. बूट घालूनच, हातात छातीइतकी काठी घेऊन, तोंड वरच्या अंगाला करून, एका वेळी एकच पाय उचलत आडवं सरका. जीवरक्षक जाकीट अंगावर हवं. कमरेला दोर बांधू नका. पाय घसरला की प्रवाह ताठ झालेल्या दोरावर माणसाला खाली दाबून धरतो. चाकं जिथून जाणार त्या दोन्ही रेषा चालून बघा, काठीने तळ टोकत. काठी टणक आवाज करत असेल तर गोटे आहेत, मऊ आत जात असेल तर गाळ. काठीवर दोन चिकटपट्ट्या आधीच लावून ठेवा: एक ३० सेंटिमीटरवर, एक तुमच्या गाडीच्या चाकाच्या मध्यावर.

संथ पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर नवख्याने जावं. जोरात वाहणारं पाणी ३० सेंटिमीटरच्या वर असेल तर जाऊ नये. हा आकडा फार सावध वाटेल, पण हिशेब करून बघा. साडेचार मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद गाडीचं तळ साधारण ८ चौरस मीटर भरतं. पाणी तळाच्या वर एक सेंटिमीटर चढलं की सुमारे ८० किलो वजन उचललं जातं. २५ सेंटिमीटर चढलं की दोन टन. म्हणजे आत पाणी शिरायच्या आधी अख्खी गाडी तरंगण्याच्या बेतात येते आणि चाकांवर भार उरत नाही. त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर ढकलण्याचा जोर चौपट होतो. आणि जो उतार माणसाला चालत पार करता येत नाही, तो गाडीने पार करायचा नाही. याला अपवाद करू नका.

पाण्यात शिरण्याआधीची तयारी या क्रमाने:

१. मागच्या हुकाला दोर आधीच जोडा आणि त्याचं दुसरं टोक छताच्या रॅकला, खिडकीतून हात पोहोचेल असं बांधा. गाडी मध्ये अडकल्यावर मांडीभर गढूळ, गार पाण्यात हुक चाचपडत शॅकल लावायला बधिर बोटांना दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात चाकांखालचे गोटे वाहून गाडी आणखी खाली बसते.

२. एसी बंद करा. एसी चालू असला की रेडिएटरचा विजेचा पंखा फिरतो, पाण्यात त्याची प्लास्टिकची पाती पुढे वाकून रेडिएटरच्या जाळीत घुसतात.

३. खिडक्या उघड्या, दारांची कुलपं उघडी, सीटबेल्ट काढलेले. मुलं आणि जादा माणसं दुसऱ्या गाडीपाशी काठावर.

४. पाणी बंपरला लागणार असेल तर बॉनेटवरून खाली बंपरपर्यंत ताडपत्रीचा तुकडा ताणून बांधा.

५. लो रेंज, दुसरा गिअर. तळ मोठ्या दगडांचा असेल तर पहिला.

वरच्या अंगाने शिरा आणि थोडं तिरकं, खालच्या अंगाला निघा. प्रवाह मग गाडीला आडवा न मारता मागून रेटतो. पाण्यात शिरताना एकदम हळू, नाक पाण्यात गेलं की माणूस भरभर चालतो तितका वेग, ताशी पाच-सहा किलोमीटर, आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. या वेगाला गाडीपुढे एक लाट उभी राहते आणि तिच्या मागे, बॉनेटखाली, पाण्याची पातळी थोडी खाली जाते. जास्त वेग दिला तर पाणी बॉनेटवर उसळतं. थांबलात तर लाट मोडते आणि पाणी सगळीकडून आत येतं. मध्ये गिअर बदलू नका, क्लच दाबू नका. नजर पलीकडच्या काठावरच्या एका खुणेवर ठेवा. वाहत्या पाण्याकडे बघत राहिलात तर गाडी बाजूला सरकल्याचा भास होतो आणि हात नकळत स्टिअरिंग फिरवतात.

चाकं जागेवर फिरायला लागली तर अॅक्सिलरेटर किंचित कमी करा आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवा, टायरच्या कडा पकड शोधतात. तरीही गाडी पुढे जात नसेल तर वाट न बघता, इंजिन चालू असतानाच, आल्या रेषेने मागे या. पहिल्या मिनिटात घेतलेला हा निर्णय पुढचे चार तास वाचवतो.

पलीकडे पोहोचलात की काठावर लगेच थांबू नका, मागच्या गाडीला जागा द्या. पाण्यात एका वेळी एकच गाडी. नंतर पन्नास-शंभर मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चाला म्हणजे ब्रेक कोरडे होतील. आणि वहीत उताराची वेळ आणि खोली लिहा. परत येताना हाच आकडा ताडून बघायचा आहे.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर

चावी पुन्हा फिरवू नका. पहिला विचार तोच येतो, आणि बरीच इंजिनं त्या दुसऱ्या स्टार्टनेच मोडतात. छताला बांधलेला दोर दुसऱ्या गाडीला जोडून बाहेर या. काठावर एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा असेल तर बहुधा विजेच्या जोडणीत पाणी गेलं आहे, पुसून, वाळवून बघा. फिल्टर ओला असेल तर स्टार्ट करायचं नाही. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन फिरवलं तर सिलिंडरमधलं पाणी बाहेर फेकलं जातं. हे ज्याला येतं त्यानेच करावं, नाहीतर गाडी ओढत न्यावी.

रुतलेली गाडी काढताना

वाळूत किंवा गाळात गाडी बसायला लागल्याचं कळताच जोर काढा. चाकं फिरवत राहिलात तर दहा सेकंदांत गाडी पोटावर बसते. आधी फावडं: चारही चाकांपुढची माती आणि पोटाखालची वाळू काढा. मग हवा आणखी दोन-तीन पीएसआयने कमी, पण १५ च्या खाली नाही, पट्ट्या चाकांखाली दाबून बसवा, आणि शक्यतो ज्या रेषेने आलात तिनेच मागे. घाई झालेली माणसं फावडं वगळून थेट दोराकडे जातात, आणि तिथेच हुक तुटतात.

कायनेटिक दोर लावायचा तर त्याची तुटण्याची मर्यादा गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. ओढणारी गाडी दोर जमिनीवर वळवळत पडेल इतक्या जवळून निघते, दोर ताणला जातो आणि साठलेला जोर अडकलेल्या गाडीला उचलून घेतो. पहिला प्रयत्न अगदी सौम्य करा. दोराच्या मध्यावर जड जाकीट किंवा ओली पोती टाका. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि दोराच्या रेषेपासून बाजूला उभं राहायचं. विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र, असेल तर घळईत झाड क्वचितच मिळतं, म्हणून जमिनीत घट्ट रुतलेल्या मोठ्या धोंड्याला रुंद पट्टा तळाशी गुंडाळा, धारदार कडांवर जुनं पोतं घालून. ड्रमवर पाच-सहा वेढे शिल्लक राहिलेच पाहिजेत. कप्पी लावली तर जोर जवळपास दुप्पट, वेग निम्मा.

पाणी अचानक चढलं तर

खुणा ओळखा: स्वच्छ पाणी गढूळ होणं, काटक्या आणि पाचोळा वाहत येणं, वरच्या अंगाला रेल्वे आल्यासारखा घुमणारा आवाज. पाणी एकाएकी कमी झालं तरी घाबरा, वर दरड पडून नदी अडली असेल आणि तो बांध फुटू शकतो. यातली एकही खूण दिसली तर माणसं पायी वर चढवा, जवळात जवळच्या उंच जागेवर. गाडी वाचवायला कुणी मागे थांबायचं नाही. गाडी पाण्यात अडकली असेल आणि पाणी वाढत असेल तर दार उघडायची धडपड न करता खिडकीतून छतावर जा.

मुक्काम करायचाच असेल तर कड्यांवर, झुडपांत अडकलेला जुना पालापाचोळा शोधा. ती पुराची रेषा. तंबू तिच्या वर, बाजूच्या ओढ्याच्या तोंडापासून दूर, आणि गाड्यांची तोंडं बाहेरच्या दिशेने. शौचासाठी पाण्यापासून ६० मीटर दूर जाऊन १५ ते २० सेंटिमीटरचा खड्डा खणा. घळईत इतकी जागा नसेल तर पिशवीत बांधून बाहेर न्या, कारण खालच्या अंगाला हेच पाणी कुणीतरी पितं. आणि गाडी नदीच्या पात्रातून लांबीने चालवू नका. मासे त्याच गोट्यांमध्ये अंडी घालतात. रुळलेल्या उतारावरच ओलांडा.

बाहेर पडल्यावर

डांबर लागलं की आधी हवा भरा, मग वेग. चाकांचे नट आवळा, टायरच्या आतल्या भिंती हाताने चाचपून काप शोधा, ब्रेकमध्ये अडकलेले खडे काढा. गाडीखालचा चिखल आणि वनस्पतींचे तुकडे तिथेच धुऊन टाका, नाहीतर एका नदीतलं तण दुसऱ्या नदीत जातं.

पाणी चाकाच्या मध्याच्या वर गेलं असेल तर रात्रभर गाडी एका जागी उभी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड असतं, ते डिफरन्शियलच्या तळाशी बसतं. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, तळाचा प्लग अर्धाच सैल करा आणि बोटावर पहिले थेंब घ्या. निव्वळ तेल आलं तर प्लग आवळा. पाणी आलं, किंवा तेल दुधाळ दिसलं, तर जुनं तेल काढून सोबत आणलेलं दोन लिटर ऑइल आत्ताच घाला आणि मगच गाडी हलवा.